मॅमोग्राफी नॉर्मल, सोनोग्राफीत संशय: मग कुणाचं मानायचं?

नाशिकच्या एका ४४ वर्षांच्या ताईंनी विचारलं आहे: "आंघोळ करताना उजव्या स्तनात गाठ हाताला लागली. मॅमोग्राफीच्या रिपोर्टात संशयास्पद काही नाही, फक्त 'स्तन अतिशय दाट, प्रकार डी' असं लिहिलंय. सोनोग्राफीत मात्र त्याच जागी १२ मिलिमीटरची गाठ दिसली, 'बाय-रॅड्स ४ए' असा शेरा आला आणि डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली. दीर म्हणतात, आधी एमआरआय करू, त्यात काही आलं नाही तर सुई कशाला टोचून घ्यायची? नणंद म्हणतात, थर्मल तपासणी कर, त्यात दाबत नाहीत आणि किरणंही नसतात. या सगळ्यांत खात्रीची तपासणी कोणती?"

ताई, तुमच्यापुरतं उत्तर आधी देते, मग त्यामागची कारणं. बायोप्सी करून घ्या, आणि येत्या आठवड्या-दोन आठवड्यांत करा. एमआरआयसाठी ती पुढे ढकलू नका. थर्मल तपासणीवर वेळ घालवू नका. '४ए' या शेऱ्याने घाबरून जाण्याचंही कारण नाही. बाय-रॅड्स म्हणजे स्तनाच्या तपासणीत संशय किती, हे आकड्यांत लिहिण्याची ठरलेली पद्धत. तिच्यात ४ए चा अर्थ असा की कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांहून जास्त आणि १० टक्क्यांपर्यंत आहे. म्हणजे असा शेरा मिळालेल्या दहांतल्या नऊ किंवा त्याहून जास्त जणींची गाठ साधी निघते. पण तुम्ही त्या नऊजणींत आहात की नाही, हे आता कुठल्याही फोटोवरून ठरणार नाही. त्यासाठी गाठीचा तुकडाच सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा.

तुमच्या घरात जी चर्चा चालली आहे, तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: तपासण्यांची एक शिडी असते, वरच्या पायरीची तपासणी खालचीपेक्षा सरस, आणि वरची नॉर्मल आली की खालचीचा संशय मिटला. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांची हीच समजूत असते, आणि तिच्यापायी महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत. खरं तर ही यंत्रं एकाच गोष्टीचे कमी-जास्त स्पष्ट फोटो काढत नाहीत. प्रत्येक यंत्र शरीरातला वेगळा गुणधर्म मोजतं. एकाला जे दिसतं ते दुसऱ्याला मुळात दिसूच शकत नाही. हे एकदा ध्यानात आलं की तुमचे दोन रिपोर्ट परस्परविरोधी वाटणार नाहीत.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. बर्लिनचे सर्जन अल्बर्ट सालोमोन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे एक्स-रे प्रत्यक्ष आजाराशी ताडून पाहिले, तिथून या विषयाची सुरुवात झाली. एक्स-रेला कळतं ते एवढंच, की कोणता भाग किरण जास्त अडवतो आणि कोणता कमी. चरबी किरण जाऊ देते, म्हणून काळपट दिसते. दूधग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात. गाठही पांढरी दिसते. सर्वांत पांढरे दिसतात ते कॅल्शियमचे कण.

या कणांसाठीच मॅमोग्राफीला आजही पर्याय नाही. दूधनलिकांच्या आतच असलेला, अजून बाहेर न पसरलेला कॅन्सर पुष्कळदा गाठ न करता नुसते अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान कण मागे सोडतो. ते हाताला लागत नाहीत, एमआरआयला कॅल्शियम म्हणून दिसत नाहीत, आणि सोनोग्राफीत क्वचितच नीट दिसतात. कणांचा आकार आणि मांडणी पाहून आम्ही फरक करतो. जुन्या फायब्रोअ‍ॅडिनोमातले (कॅन्सर नसलेल्या साध्या गाठीतले) जाडजूड कण किंवा रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या दोन समांतर रेषा निरुपद्रवी असतात. बारीक, वेडेवाकडे, नलिकेच्या वाटेने फांद्यांसारखे पसरलेले कण दिसले की बायोप्सी ठरलेली. हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेल्या भागातून, उदाहरणार्थ पूर्व विदर्भातून आलेल्या स्त्रियांच्या मॅमोग्राफीत कधीकधी मेलेल्या जंतांच्या कॅल्शियम साठलेल्या नागमोडी दोऱ्याही दिसतात. त्या ओळखीच्या असल्या की विनाकारण शस्त्रक्रिया टळते. काखेत टाल्कम पावडर किंवा डिओडरंट लावून आलेल्या बाईच्या फोटोतही असेच ठिपके उमटतात, म्हणून त्या दिवशी काही लावू नका, असं आधी सांगतात.

आता मॅमोग्राफीची कमजोरी. दाट स्तनात ग्रंथी पांढऱ्या आणि गाठही पांढरी. तांदूळ निवडताना पांढरा खडा जसा नजरेतून सुटतो, तशी ती गाठ सुटते. घनता ए, बी, सी, डी अशा चार प्रकारांत लिहितात. 'डी' म्हणजे अतिशय दाट. तुमच्या रिपोर्टातल्या त्या एका अक्षरात बरंच काही आलं आहे. 'संशयास्पद काही नाही' या वाक्याइतकंच ते वाचायला हवं, कारण त्याचा अर्थ असा की या स्तनात गाठ असूनही मॅमोग्राफीत न दिसण्याची शक्यता चांगलीच मोठी आहे. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून घनतेची माहिती प्रत्येक स्त्रीला लेखी कळवणं बंधनकारक झालं आहे. आपल्याकडे चांगल्या केंद्रांच्या रिपोर्टात ती लिहिलेली असते, पण तिचा अर्थ समजावून सांगणारं माणूस समोर नसतं. घनता हा आजार नाही, आणि हाताला स्तन टणक लागतो की मऊ याच्याशी तिचा संबंध नाही. वय कमी असताना, पाळी चालू असताना ती जास्त असते. भारतात स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी, चाळिशी-पन्नाशीत जास्त दिसतो. म्हणजे ज्या वयात आपल्या स्त्रियांना तो गाठतो, नेमक्या त्याच वयात मॅमोग्राफीची नजर अधू असते.

तुम्ही ती केली हे वाया गेलं, असं मात्र समजू नका. चाळिशीनंतर गाठ लागली तर मॅमोग्राफी व्हायलाच हवी. त्या गाठीभोवती किंवा दुसऱ्या स्तनात संशयास्पद कण नाहीत, हे फक्त तिच्यामुळे कळलं. नणंदांना किरणांची भीती वाटते म्हणून सांगते. दोन्ही स्तनांच्या मॅमोग्राफीतून मिळणारा डोस साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट असतो. जमीन, हवा, अन्न यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षभरात आपोआप मिळणारं किरणोत्सर्जन २.४ मिलिसिव्हर्ट आहे. हिशेब दोन महिन्यांच्या नैसर्गिक किरणोत्सर्जनाचा झाला. आणि दाबतात ते थर पसरावेत, एकावर एक आलेले भाग वेगळे व्हावेत आणि डोस कमी लागावा म्हणून. काही सेकंदच दाबतात. दुखतं हे खरं आहे. पाळीनंतरच्या आठवड्यात केली तर कमी दुखतं.

सोनोग्राफीचं काम निराळं. ध्वनिलहरी आत जातात आणि दोन वेगळ्या पदार्थांच्या सीमेवरून परत येतात. त्यामुळे तिला घनतेचा अडथळा मॅमोग्राफीइतका होत नाही. दाट ग्रंथी पांढरट आणि बहुतेक गाठी गडद दिसतात, म्हणून गाठ उठून दिसते. पाण्याने भरलेली गाठ की भरीव गाठ, हा पहिला प्रश्न ती जागच्या जागी सोडवते. पाण्याची साधी गाठ दिसली की विषय तिथेच संपतो.

भरीव गाठींबाबत १९९५ साली अमेरिकेतल्या स्टाव्हरोस आणि सहकाऱ्यांनी ७५० गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोपर्यंत सोनोग्राफीचा उपयोग 'पाणी की भरीव' एवढं सांगण्यापुरताच, असं मानलं जाई. त्यांनी दाखवलं की भरीव गाठींतही साध्या कोणत्या आणि संशयाच्या कोणत्या, हे लक्षणांवरून वेगळं करता येतं. आडवी, लंबगोल, सगळीकडून पातळ आवरण असलेली गाठ साधी असण्याची दाट शक्यता. रुंदीपेक्षा उंची जास्त, कडा काटेरी किंवा कोनदार, मागे काळी सावली, अशी गाठ संशयाची. यातलं एक जरी लक्षण दिसलं तरी बाकीची साधी लक्षणं विचारात घ्यायची नाहीत, हा त्यांचा दंडक आजही आम्ही पाळतो. तुमच्या गाठीला ४ए मिळालं, याचा बहुधा अर्थ असा की ती बरीचशी साध्या गाठीसारखी आहे, पण एखाद्या बाजूची कड स्वच्छ दिसत नाही. तेवढंही पुरेसं कारण आहे.

सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर आणि वेळेवर फार काही अवलंबून असतं. पाच मिनिटांत उरकलेली आणि काखेपर्यंत सावकाश केलेली तपासणी यांचं नाव एकच असलं तरी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काखेतल्या लसिकाग्रंथी पाहिल्या का, त्यांचं बाहेरचं आवरण जाड झालंय का, हे रिपोर्टात नसेल तर विचारा.

या तपासणीची दुसरी बाजू म्हणजे खोटी भीती. ज्यांना धोका जास्त आणि स्तन दाट, अशा २,८०९ स्त्रियांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या मॅमोग्राफीने हजारांत ७.६ कॅन्सर सापडले, सोबत सोनोग्राफी केल्यावर ११.८. म्हणजे हजारांमागे चार-एक जास्त सापडले. पण केवळ सोनोग्राफीतल्या संशयावरून ज्यांच्या बायोप्सी झाल्या, त्यांत दर दहांमागे जेमतेम एकीला कॅन्सर निघाला. जपानमध्ये ४० ते ४९ वयाच्या जवळपास ७३,००० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. तिथेही असंच चित्र: मॅमोग्राफीला सोनोग्राफीची जोड दिली तर कॅन्सर पकडण्याचं प्रमाण ७७ वरून ९१ टक्क्यांवर गेलं, पण निरोगी स्त्रियांना पुन्हा बोलावण्याचं प्रमाणही वाढलं. जपानचा अभ्यास मला आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण तो तरुण आणि दाट स्तनांच्या आशियाई स्त्रियांवरचा आहे. तरी हे दोन्ही अभ्यास लक्षणं नसलेल्या स्त्रियांचे आहेत. तुमच्याकडे हाताला लागलेली गाठ आहे. तिथे सोनोग्राफी अत्यावश्यक ठरते.

स्तनाच्या नुसत्या सोनोग्राफीसाठी गावोगाव शिबिरं का घेत नाहीत, असं लोक विचारतात. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, ते कुठेही उचलून नेता येत नाही. त्या कायद्याची आपल्या राज्याला किती गरज होती हे मला माहीत आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. पण त्याचा एक परिणाम असा, की शिबिरांत जे सहज नेता येतं तेच पोहोचतं, आणि थर्मल कॅमेरा सहज नेता येतो. त्याच्याविषयी पुढे सांगते.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे. एक तपासणी 'काही नाही' म्हणते, दुसरी 'संशय' म्हणते. अशा वेळी सरासरी काढायची नसते आणि बहुमतही घ्यायचं नसतं. जी तपासणी सर्वांत जास्त संशय दाखवते, तिच्या मागे जायचं. मॅमोग्राफीला तुमची गाठ दिसली नाही याचं कारण आपल्याला ठाऊक आहे: घनता. सोनोग्राफीला ती दिसली, आणि ती तुमच्या हाताला लागली त्याच जागी दिसली. जिला दिसलं तिचं म्हणणं, जिला दिसलं नाही तिच्या म्हणण्याने खोडता येत नाही. उलट बाजूनेही हाच नियम. मॅमोग्राफीत संशयास्पद कण असतील आणि सोनोग्राफी स्वच्छ असेल, तर कणांची बायोप्सी टाळायची नाही. आणि दोन्ही तपासण्या स्वच्छ आल्या, पण अनुभवी सर्जनच्या हाताला गाठ संशयास्पद लागली, तर त्या हाताचं मानायचं.

दिरांचा एमआरआयचा आग्रह काळजीपोटी आहे, आणि एमआरआयबद्दल त्यांनी ऐकलेलं चुकीचं नाही. शिरेतून गॅडोलिनियम नावाचं औषध देऊन केलेला स्तनाचा एमआरआय कॅन्सर पकडण्यात आजच्या प्रचलित तपासण्यांमध्ये सर्वांत तीक्ष्ण आहे. तो बघतो रक्तपुरवठा. कॅन्सर स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करतो, त्या गळक्या असतात. औषध तिथे पटकन शिरतं, गाठ चमकते, आणि पुष्कळदा तितक्याच पटकन औषध बाहेर पडतं. स्तन किती दाट आहे याने त्याचं फारसं अडत नाही. कुटुंबात आजार असलेल्या १,९०९ डच स्त्रियांवरचा अभ्यास २००४ मध्ये आला. त्यात पसरू शकणारे कॅन्सर एमआरआयने सुमारे ८० टक्के पकडले, मॅमोग्राफीने ३३ टक्के आणि हाताच्या तपासणीने १८ टक्के. त्यानंतर नेदरलँड्समध्येच, मॅमोग्राफी नॉर्मल पण स्तन अतिशय दाट अशा ५० ते ७५ वयाच्या ४०,००० हून जास्त स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये त्याचे आकडे आले. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात गाठ होऊन उघडकीस येणारे कॅन्सर, ज्या गटाला एमआरआयसाठी बोलावलं त्यात हजारी २.५ होते, दुसऱ्या गटात ५. निम्मे. माझ्या दृष्टीने दाट स्तनांबद्दलचा हा आजवरचा सर्वांत बोलका आकडा आहे. पण पहिल्या फेरीत हजारांतल्या जवळपास ८० जणींना विनाकारण पुढच्या तपासण्यांना सामोरं जावं लागलं, हेही त्याच अभ्यासातलं.

मग तुम्हाला तो नको असं मी का म्हणते? कारण तुमच्या बाबतीत तो निर्णय बदलू शकत नाही. गाठ एमआरआयमध्ये चमकली तर बायोप्सी करावी लागेल. नाही चमकली तरीही करावी लागेल, कारण काही कॅन्सर, विशेषतः नलिकेतले आणि सावकाश वाढणारे, चमकत नाहीत, आणि सोनोग्राफीतला संशय तसाच उरतो. शिवाय साधा फायब्रोअ‍ॅडिनोमाही चमकू शकतो. पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात तर निरोगी ग्रंथीही चमकतात, म्हणून हा एमआरआय पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसांत करायचा असतो. दुसरीकडेच काहीतरी चमकलं, तर त्याच्या मागे वेगळी धावपळ. त्यात ते फक्त एमआरआयलाच दिसत असेल तर एमआरआयच्या मार्गदर्शनाखालीच बायोप्सी करावी लागते, आणि ती सोय असलेली केंद्रं आपल्याकडे अगदी मोजकी आहेत. खर्च मॅमोग्राफीच्या कितीतरी पट. ज्या तपासणीच्या कुठल्याही उत्तराने पुढचं पाऊल बदलणार नाही, ती त्या क्षणी करू नये.

एमआरआयची खरी जागा वेगळी आहे. बीआरसीए या, स्तनाच्या कॅन्सरशी संबंधित जनुकातला दोष किंवा घराण्यात ठळक आजार असलेल्या स्त्रियांची दरवर्षीची तपासणी, काखेत कॅन्सरची गाठ सापडली पण स्तनात मूळ दिसत नाही अशी अवस्था, शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी दिली असेल तर गाठ किती विरघळली ते पाहणं, कृत्रिम इम्प्लांट फुटलं का हे शोधणं. या शेवटच्यासाठी औषध टोचावं लागत नाही. बायोप्सीत कॅन्सर निघालाच, तर शस्त्रक्रियेआधी सरसकट सगळ्यांचा एमआरआय करावा का, यावर मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये १,६२३ स्त्रियांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एमआरआय केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही गटांत १९ टक्के जणींना पुन्हा शस्त्रक्रिया लागली. म्हणून मी तो निवडक वेळी सुचवते: स्तन फार दाट असेल, किंवा लोब्युलर प्रकारचा कॅन्सर असेल. हा प्रकार पेशींच्या एकेरी रांगांनी पसरतो, आणि त्याचा खरा आकार बाकी तपासण्यांत कमी दिसतो.

थ्री-डी मॅमोग्राफी, म्हणजे टोमोसिंथेसिस, याबद्दल लवकरच कुणीतरी तुम्हाला सांगेल. एक्स-रेची नळी कमानीत फिरते आणि स्तनाच्या पातळ थरांचे फोटो मिळतात. ऑस्लोतल्या तपासणीत, २०१३ चे आकडे, नेहमीच्या मॅमोग्राफीला तिची जोड दिल्यावर हजारी ६.१ ऐवजी ८ कॅन्सर सापडले. सी प्रकारापर्यंत ती चांगली मदत करते. डी प्रकारात मात्र फायदा कमी होतो, कारण थर पातळ केला तरी पांढऱ्यात पांढरं शोधायचंच असतं.

मला जास्त आशा वाटते ती शिरेतून आयोडिनचं औषध देऊन केलेल्या मॅमोग्राफीची. दोन वेगळ्या शक्तीच्या किरणांनी फोटो काढतात, एकातून दुसरा वजा करतात, आणि फक्त औषध शोषलेली जागा उरते. म्हणजे मॅमोग्राफीच्याच यंत्रावर एमआरआयसारखी रक्तपुरवठ्याची माहिती मिळते, काही मिनिटांत. ब्रिटनमधल्या एका मोठ्या तुलनेत, ज्यांची मॅमोग्राफी नॉर्मल पण स्तन दाट होते, त्यांच्यात या पद्धतीने हजारी १९.२ कॅन्सर सापडले, कमी वेळात उरकणाऱ्या संक्षिप्त एमआरआयने १७.४, आणि यंत्राने आपोआप केलेल्या सोनोग्राफीने ४.२. हे आकडे २०२५ मध्ये आले. जिल्ह्याच्या ठिकाणी एमआरआय यंत्र असतं, पण स्तनासाठी लागणारी खास कॉइल आणि तो वाचणारी अनुभवी व्यक्ती असतेच असं नाही. तिथे ही पद्धत फार उपयोगी पडेल असं माझं मत आहे. मूत्रपिंडाचा त्रास किंवा आयोडिनच्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायला हवं.

इलास्टोग्राफी, म्हणजे सोनोग्राफीतच गाठीचा कठीणपणा मोजणं, हे जोडीला ठीक आहे. काही कॅन्सर मऊ असतात, म्हणून 'गाठ मऊ आहे' एवढ्यावर बायोप्सी रद्द करू नये.

थर्मल तपासणी. त्वचेच्या तापमानाचा रंगीत फोटो काढतात. कल्पना अशी, की कॅन्सरकडे रक्त जास्त जातं म्हणून वरची त्वचा गरम होते. पण लहान आणि खोल गाठीची उष्णता त्वचेपर्यंत येतेच असं नाही, आणि त्वचा गरम व्हायला इतर दहा कारणं असतात. अमेरिकेत १९७० च्या दशकातल्या मोठ्या राष्ट्रीय तपासणी प्रकल्पात मॅमोग्राफीबरोबर थर्मोग्राफीही होती. बरेच कॅन्सर तिच्या नजरेतून सुटतात हे दिसल्यावर ती मध्येच बंद केली गेली. थर्मोग्राफी मॅमोग्राफीच्या जागी वापरू नका, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, २०१९ मध्ये दिला. आता तिच्या जोडीला कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. संशोधन चालू राहावं, मला त्याचं कुतूहल आहे. पण हाताला गाठ लागलेल्या बाईला थर्मलचा हिरवा रिपोर्ट देऊन घरी पाठवणं मला धोकादायक वाटतं, आणि हे मी स्पष्ट लिहिते आहे. नणंदांना सांगा, त्रास नसलेली तपासणी हवीशी वाटणं साहजिक आहे, पण तुमच्या गाठीबद्दल ती काहीच सांगू शकत नाही.

बायोप्सीला लोक का घाबरतात हे मी रोज ऐकते: 'सुई लागली की कॅन्सर पसरतो.' सुईच्या वाटेवर काही पेशी सरकू शकतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. त्याने आजार बळावतो किंवा आयुष्य कमी होतं, असं मात्र आढळलेलं नाही. उलट सुईने निदान न करता थेट गाठ कापून काढली, आणि नंतर ती कॅन्सर निघाली, तर तिच्याभोवतीचा भाग पुष्कळदा पुरेसा निघालेला नसतो आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. नुकसान त्यात जास्त आहे.

कोणती बायोप्सी, हे नीट विचारा. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी बारीक सुईने पेशी ओढून घेतात, ती एफएनएसी. स्वस्त आहे, लगेच होते. पण सुट्या पेशींवरून आजार नलिकेतच आहे की बाहेर पसरला आहे, हे कळत नाही. तुम्हाला हवी आहे कोअर बायोप्सी: जागा बधिर करून, सोनोग्राफीत सुई डोळ्यांसमोर ठेवून, साधारण १४ गेजच्या सुईने गाठीचे तीन-चार तुकडे घेतात. अर्ध्या तासाचं काम, त्याच दिवशी घरी. कॅन्सर निघाला तर हार्मोन आणि हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) यांच्या चाचण्या याच तुकड्यांवर होतात, आणि उपचार त्यांवर ठरतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

रिपोर्ट आल्यावर एक प्रश्न मात्र जरूर विचारा: 'बायोप्सीत जे निघालं, ते सोनोग्राफीत दिसलेल्या गाठीशी जुळतं का?' फायब्रोअ‍ॅडिनोमा आलं आणि चित्रही तसंच होतं, तर सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, एवढं पुरतं. आपल्या भागात क्षयाची किंवा ग्रॅन्युलोमॅटस प्रकारची सूज हुबेहूब कॅन्सरसारखी दिसू शकते, तशी निघाली तर तिचे उपचार वेगळे. पण रिपोर्टात नुसतं 'साधी स्तनपेशी' असं आलं आणि चित्रात भरीव गाठ होती, तर सुई गाठीत पोहोचली नसावी. तेव्हा पुन्हा बायोप्सी करायची, 'सुटलो' म्हणून फाइल बंद करायची नाही.

एक गोष्ट यंत्रांच्या गर्दीत हरवते म्हणून लिहिते. मुंबईत टाटा मेमोरिअलने ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासायचे, एवढीच योजना होती. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: ज्या गटाची अशी तपासणी झाली त्यात कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र असा फरक दिसला नाही. तुमची गाठ तुमच्या हाताने सापडली, मॅमोग्राफीने नाही, हेही लक्षात ठेवा.

पुढच्या वेळी मॅमोग्राफी कराल तेव्हा यंत्र पूर्ण डिजिटल आहे का आणि अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का, ते विचारा. अमेरिका-कॅनडातल्या ४९,५२८ स्त्रियांच्या अभ्यासात, २००५ साली, पन्नाशीच्या आतल्या आणि दाट स्तनांच्या स्त्रियांत फिल्मपेक्षा डिजिटल सरस ठरली होती. जुन्या सीडी आणि फिल्म न्या, नुसता कागदी रिपोर्ट नको. दोन वर्षांत काय बदललं, हे जुन्या फोटोशिवाय कळत नाही.

तुम्ही घराण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. आई, बहीण, मावशी, आत्या, आजी यांपैकी कुणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा कुठल्याही वयात अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का, वडिलांच्या बाजूचंही धरून, हे बायोप्सीच्या दिवशी डॉक्टरांना सांगा. वडिलांकडची बाजू हमखास राहून जाते, आणि जनुक तिकडूनही तितकंच येतं. तसं काही असेल तर आजची गाठ साधी निघाली तरी तुमचा मार्ग बदलतो. जनुकांची चाचणी, आणि त्यात दोष सापडला तर मॅमोग्राफीबरोबर दरवर्षी एमआरआय. तेव्हा दिरांनी सुचवलेली तपासणी तुम्ही जरूर करून घ्या.